टेलरबाईंची पाठ

माणसाचं अंग सरळ नसतं, हे टेलरबाईंइतकं त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाचा डावा खांदा बसका, कुणाचं पोट स्वतःच्या आधी दारातून आत येणारं, तर कुणाच्या पाठीला पोक. अठ्ठावीस वर्षं त्या कपडे दुरुस्तीचं काम करत होत्या. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोट उसवून नव्याने बसवायचा. पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते दोष झाकण्यात. कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड, बक्रम, कुठे किती लावलं की खांदा उचललेला दिसतो आणि पोक दिसेनासं होतं, हे त्यांच्या बोटांना कळायचं. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघून खूश व्हायचं आणि बाई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायच्या, "चालताना छाती पुढे ठेवा, नाहीतर नाव माझं खराब होतं."

त्यांची स्वतःची पाठ मात्र कुणी बघितली नव्हती. त्यांनीही नाही. मशीनवर वाकून वाकून तिची पार कमान झाली होती, आणि त्याच पाठीच्या जिवावर त्या दिवसातून सहा वेळा आपल्या मुलाला उचलत होत्या.

मुलगा एकोणीस वर्षांचा, चव्वेचाळीस किलोचा, आणि जिभेने एकदम धडधाकट. आजार स्नायूंचा. अकराव्या वर्षी पाय गेले, आता हातांत अर्धा पेला पाणी उचलण्यापुरती ताकद उरली होती. तो चाकांच्या खुर्चीत बसून दुकानाचा फोन, मापांची वही आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत अशी तीन खाती सांभाळायचा. आई त्याला 'साहेब' म्हणायची, कारण त्याला प्रत्येक कामात खोट दिसायची, आणि वाईट म्हणजे ती बहुतेक वेळा खरी असायची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. पुढे दुकान, मागे एक खोली, एवढ्यात दोघांचा संसार चालला होता आणि बरा चालला होता.

मग ती सकाळ आली. बिछान्यातून खुर्चीत नेताना बाईंच्या कमरेत काहीतरी सुटलं. काय सुटलं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं, त्या वेळी त्यांना एवढंच कळलं की पाय आपले राहिले नाहीत. तरी त्यांनी मुलाला सोडलं नाही. दात-ओठ खाऊन अजून एक हिसका दिला, आणि दोघंही बिछाना आणि कपाट यांच्यामधल्या सापटीत आडवे झाले. अर्धा तास तसेच पडून होते. साहेब म्हणाले, "आई, त्या कपाटाखाली बघ, तुझी हरवलेली कात्री सापडली." बाई हसल्या, आणि हसल्यावर जी कळ आली तिने त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेवटी शेजारचा मेडिकलवाला औषधं द्यायला आला म्हणून सुटका झाली.

डॉक्टरांनी उचलणं बंद करायला सांगितलं. उचलायचं यंत्र मिळतं, पण त्या सापटीत ते मावेना. मेडिकलवाला बिचारा दुकान उघडण्याआधी, दुपारी आणि बंद करताना येऊन साहेबांना उचलून ठेवू लागला. पण असं किती दिवस चालणार? आठवड्याभरात बाईंची थोरली बहीण येऊन हजर झाली. ताईंच्या बोलण्यात आडपडदा नसे. शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा मुलांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था होती. तिथे त्यांनी भाच्याचं नावही घालून टाकलं होतं.

"चार महिन्यांनी जागा रिकामी होतेय," ताई म्हणाल्या. "तोवर आवराआवर कर. तुझं काय लाकूड झालंय ते आरशात बघ जरा."

"तो कुठेही जाणार नाही."

"मग उचलणार कोण त्याला? तू?"

"मीच."

साहेब खुर्चीत बसून मापांची वही चाळत होते. एरवी मावशीच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा हा मुलगा त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, पण भीतीने गप्प असेल असं त्यांनी धरलं. त्यांनी बहिणीला शब्द दिला: चार महिन्यांनी ये, तुझ्यासमोर उचलून दाखवते. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे सही करते.

दीड महिना फिजिओथेरपीत गेला. मग डॉक्टरांनी परवानगी दिली, पण हलक्या वजनाला आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली. जाणता माणूस दोन गल्ल्या पलीकडे होता. एका बंद पडलेल्या छापखान्यात त्याने जिम काढली होती. कागदाची रिळं आत न्यायला केलेला उतार अजून तसाच असल्यामुळे साहेबांची खुर्चीही थेट आत जाई. साठी उलटलेला हा गृहस्थ पूर्वी वजनं उचलायचा. पोरं त्याला पाठीमागे 'ओळंबा' म्हणत, कारण गवंड्याच्या ओळंब्यासारखं त्याला जरासुद्धा तिरकं खपत नसे. तोंडावर सगळे 'सर' म्हणत.

सरांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. "डॉक्टरांची चिठ्ठी?" म्हणून विचारलं, ती दोनदा वाचली, आणि कोपऱ्यातला झाडूचा दांडा काढून बाईंच्या हातात दिला.

"झाडून घेऊ?" बाईंनी विचारलं.

"पाठीला लावा. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. आता तसंच वाका. कमरेतून नाही हो, खुब्यातून. दोन्ही हातांत सामान आहे आणि मागचं दार ढुंगणाने ढकलायचंय, तसं."

बाई वाकल्या. दांडा डोक्यावरून सुटला. पुन्हा वाकल्या. माकडहाडावरून सुटला. साहेब बाजूला खुर्चीत होते, त्यांची नजर बरोबर आईच्या कमरेच्या उंचीवर येत होती. "सर, ही मधेच कमान करते," ते म्हणाले. सरांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. उभ्या माणसाला वरून जे दिसत नाही ते या मुलाला समोर दिसत होतं. त्या दिवसापासून पाठ बघायचं काम साहेबांकडे आलं.

आठ दिवस नुसता दांडा झाला. नवव्या दिवशी दहा किलोचा हलका बार, म्हणजे वजनं लावायचा लोखंडी गज, आला. तेव्हा कुठे तो व्यायाम सुरू झाला ज्याला सगळे बारबेल रो म्हणतात. बघायला सोपा: वाकून उभं राहायचं आणि बार जमिनीकडून पोटाकडे ओढायचा. करायला बसलं की नाकी नऊ येतात. दोन पायांत खुब्यांइतकं अंतर, बार पावलाच्या मध्यावर, गुडघे किंचित सैल. श्वास पोटात भरून पोट घट्ट करायचं, कुणी गुद्दा मारणार आहे असं. मान पाठीच्या रेषेत, नजर दोन हात पुढच्या फरशीवर. मग कोपरं मागे न्यायची. हात ओढत नाहीत, कोपरं मागे जातात आणि बार आपोआप येतो, तो छातीकडे नाही, बेंबीकडे. वर आला की खांद्यांची दोन्ही पाती एकमेकांकडे आवळायची, आणि ओढताना जेवढा वेळ लागला त्याहून सावकाश बार खाली सोडायचा.

"आणि हिसका नाही," सर म्हणाले. "अंग वर उचलून बार आणलात तर ती पाठ नाही, ती लबाडी."

"पण सर, हिसक्याशिवाय माणूस उचलतो कसा?"

"तुम्ही हिसक्यानेच उचललंत ना आजवर? मग कुठे पोचलात?"

बाईंनी बार पुन्हा हातात घेतला. त्यांना राग आला होता, आणि राग आला की त्या काम चांगलं करत. त्या आठवड्यात बार बारा किलोंवर गेला, पुढच्या आठवड्यात पंधरावर. घरी येऊन त्या उभ्या उभ्या शिवण बेतत, कारण बसलं की पाठ जुन्या जागी जाई. पण दिवस भराभरा संपत होते आणि पंधरा म्हणजे काही चव्वेचाळीस नव्हे. सर वीसच्या पुढे जाऊ देईनात. वीसला पाठ गोल झाली की साहेब खुर्चीतून "गेली" म्हणत आणि सर वजन उतरवत. दोन आठवडे हेच. सव्वा महिना उरला तेव्हा बाईंनी एक गोष्ट केली, जी फक्त एखादी टेलरबाईच करू शकते.

त्यांनी व्यायामाचा नवीन शर्ट शिवला. गडद निळा, ढगळ, साधा दिसणारा. पाठीच्या आतून मात्र बक्रमचे दोन थर आणि त्यात कमरेपासून मानेपर्यंत दोन लवचीक पट्ट्या. आत पाठ कशीही गेली तरी बाहेरून कापड सपाट. काम इतकं बेमालूम होतं की शिवताना त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटला. मनाची समजूत त्यांनी अशी घातली की पट्ट्यांनी आधारही मिळतोय, मग यात खोटं काय?

शर्ट घालून त्या वीस किलोला वाकल्या. साहेब काही बोलले नाहीत. सर काही बोलले नाहीत. चार दिवसांनी बावीस, मग पंचवीस, मग अठ्ठावीस. सरांनी मान डोलावली, आणि सरांची मान सहसा डोलत नसे. रात्री कूस बदलताना बाईंच्या कमरेत चमक निघू लागली. तिकडे त्यांनी साफ कानाडोळा केला.

साहेब दहा दिवस गप्प होते. अकराव्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि बाई तोच शर्ट इस्त्री करत होत्या. "तो शर्ट दे जरा," साहेब म्हणाले.

"कशाला?"

"दे ना."

बाईंनी तो मांडीवर ठेवला. साहेबांनी अशक्त बोटांनी पाठीचं कापड चिमटीत धरलं. "माणूस वाकला की कमरेशी चुण्या पडतात. तूच शिकवलंस मला. या शर्टाला एकही चुणी पडत नाही. मी दहा दिवस बघतोय, मला वाटत होतं तू स्वतःहून सांगशील."

बाईंनी इस्त्री उभी ठेवली. त्या म्हणाल्या, "वेळ कुठे आहे आपल्याकडे? तुझी मावशी येऊन उभी राहील. मग?"

"दुखतंय किती?"

"नाही दुखत."

"आई."

"दुखतंय," बाई म्हणाल्या. "चार दिवस झाले."

साहेबांनी शर्ट टेबलावर ढकलला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मावशीला माझं नाव घालायला मीच सांगितलं होतं. आपण पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करून."

बाई स्टुलावर बसल्या. बहिणीवर तीन महिने मनातल्या मनात जे काही बोलून झालं होतं ते सगळं त्यांच्या अंगावर उलटलं. "तुला जायचंय?" त्यांनी विचारलं.

"मला इथेच राहायचंय. पण त्या दिवशी तुझी कंबर गेली हे मला कळलं होतं. तुला तर कळलंच होतं. तरी तू मला सोडलं नाहीस, अजून एक हिसका दिलास. मी खाली पडून विचार करत होतो की ही माझ्या पायी मोडून जाणार आहे आणि शेवटपर्यंत म्हणणार आहे की नाही दुखत. ते बघत मी इथे राहू शकत नाही."

बाईंना मुलाचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती, आणि या दोन्हींच्या खाली त्याच्याविषयी इतकी माया दाटून आली होती की त्यांना त्याच्याकडे बघवेना. मग त्यांनी लहान कात्री घेतली, शर्ट उलटा केला आणि टाके उसवायला घेतले. पट्ट्या काढल्या, बक्रम काढलं. तोच शर्ट घालून दुसऱ्या दिवशी त्या जिममध्ये गेल्या आणि सरांना सगळं सांगितलं.

सरांनी आधी डॉक्टरांकडे पिटाळलं. आठवडाभर विश्रांती. परत आल्यावर हातात पुन्हा झाडूचा दांडा.

"सर, अठरा दिवस उरलेत."

"मग अठरा दिवस करू. बाई, तुम्हाला वाटतं चव्वेचाळीस किलो ओढता आले की पोरगा उचलता येईल. तसं नाही ते. पाठ सरळ ठेवून जेवढं येईल तेवढंच तुमचं. पाठ सुटतेय असं वाटलं की त्या क्षणी बार खाली ठेवायचा. अर्ध्यात असेल तरी. वजन वाढवण्याआधी मला हे जमलेलं बघायचंय."

तुम्ही म्हणाल, खाली ठेवण्यात जमायचं काय आहे? बाईंना विचारा. ज्या बाईने आयुष्यात हातातलं काम अर्धं सोडलं नाही, गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नाही, तापातसुद्धा मशीन बंद ठेवलं नाही, तिला बार अर्ध्यात ठेवणं म्हणजे भर चौकात हरल्यासारखं. बार पुन्हा मिळाला त्या पहिल्या दिवशी साहेबांचं "गेली" ऐकूनही त्या दोनदा ओढतच राहिल्या. सर पाठ फिरवून निघून गेले. तिसऱ्या दिवशी साहेब बोलायच्या आधीच बाईंना स्वतःला कमरेत ती सैल जागा जाणवली, आणि बार टेकला. पंधरा किलोच होते. दमून त्या कठड्यावर बसल्या तेव्हा सर पाण्याची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "आज व्यायाम केलात."

उचलायची खरी युक्तीही सरांनीच सुचवली. मुलाला काखेत धरून वर खेचायचं नाही, त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोन्ही बाजूंना मुठी, आणि त्या धरून बारसारखंच कोपरं मागे नेत त्याला आपल्या पोटाशी घ्यायचं. जवळ घेतलेलं वजन निम्मं वाटतं. असा पट्टा कुठे मिळतो हे सर सांगू लागले तर बाई म्हणाल्या, "काय मिळवायचंय त्यात?" बॅगांना लावतात ती जाड पट्टी आणून त्यांनी तो दुपारभरात शिवला, मुठींना पाच-पाच वेळा उलटसुलट शिलाई मारली आणि बाहेरच्या खांबाला बांधून सगळा भार टाकून ओढून बघितला. मेडिकलवाला बाजूला उभा, अशी बेताने सवय केली. दहा वेळांतून कधी सहा वेळा जमायचं, कधी आठ.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला ताई आल्या. पर्समधून फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मेडिकलवाला दारात उभा राहिला. बार तोवर बावीस किलोंपर्यंत पोचला होता, त्यापुढे नाही, आणि हे बाईंनी बहिणीला आधीच सांगून टाकलं.

त्यांनी खुर्ची बिछान्याला तिरकी लावली, ब्रेक लावले, साहेबांना कडेला बसतं केलं, पट्टा आवळला. पाय रोवले, खुब्यातून वाकल्या, मुठी धरल्या. पोटात श्वास भरला आणि कोपरं मागे नेली. साहेब उठले. बाई वळू लागल्या आणि मधेच वजन एकदम डावीकडे गेलं. कमरेत ती सैल जागा आली. एक हिसका दिला असता तर काम झालं असतं, खुर्ची वीतभर लांब होती आणि बहीण बघत होती.

बाईंनी मुलाला परत बिछान्यावर ठेवलं. सावकाश.

मग ताई हळूच म्हणाल्या, "बघ. म्हणून म्हणत होते मी." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यांनाही वाईटच वाटलं होतं.

"पाठ गोल व्हायला लागली होती," बाई मुलाला म्हणाल्या. "पाय अडकलाय तुझा, चादरीत." त्यांनी वाकून त्याची टाच मोकळी केली, दोन श्वास घेतले, पुन्हा पाय रोवले. या वेळी साहेब उठले, वळले, आणि खुर्चीत नीट टेकले. बाईंनी मुठी सोडल्या. कपाळावर घाम होता, कमरेत कळ नव्हती.

साहेब आईकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. "मावशी," ते म्हणाले, "माझं नाव काढून टाक."

"अरे, पहिल्या खेपेला जमलं नाही तिला. बघितलंस ना?"

"तेच तर बघितलं. आजवर हिने मला कधी खाली ठेवलं नव्हतं. आता ठेवते. मग मला इथे राहता येईल."

ताईंनी बहिणीकडे बघितलं. "आणि एखाद दिवशी मुळीच उचलता आलं नाही तर?"

"तर त्या दिवशी मीच तुला फोन करीन," टेलरबाई म्हणाल्या. "दुखतंय म्हणून सांगीन, आणि हा फॉर्म आम्ही दोघं मिळून भरू."

धाकट्या बहिणीच्या तोंडून दुखतंय हा शब्द ताईंनी लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. त्यांनी फॉर्म उचलून पर्समध्ये ठेवला, आणि फोन कधीही कर म्हणाल्या.